सरावातले मृत्यू

३ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी पठाणकोटजवळच्या मामून छावणीतून लष्कराचं एक रुद्र हेलिकॉप्टर उडालं आणि रणजित सागर धरणाच्या जलाशयात कोसळलं. सरावाचं उड्डाण होतं. आत दोन वैमानिक होते. पाणी खोल आणि गढूळ. नौदलाचे पाणबुडे आले, तळाचा वेध घेणारी यंत्रं आली. एका वैमानिकाचा देह बारा दिवसांनी, १५ ऑगस्टला हाती लागला. दुसऱ्याचा शोध चालूच राहिला. तो चालू असतानाच २१ सप्टेंबरला जम्मूतल्या पटनीटॉपजवळ चीता जातीचं हेलिकॉप्टर पडलं आणि दोन मेजर गेले. तेही सरावालाच निघाले होते. धरणातला दुसरा देह सापडला तो ऑक्टोबरच्या मध्यात, अडीच महिन्यांनी.

अडीच महिने एखादं घर दारात बसून राहतं, आणि त्याच काळात वर्तमानपत्रात त्या बातमीला मिळालेली जागा एकत्र केली तर अर्धं पानही भरत नाही. युद्धात पडलेल्या जवानाचं नाव गावातल्या चौकाला मिळतं. सरावात गेलेल्याला मानवंदना मिळते, तिरंगा मिळतो, आणि मग आपल्याला विसर पडतो. पुढच्या पानांचा विषय हे मृत्यू आहेत: सैन्याच्या हेलिकॉप्टरांवर उडायला शिकताना, शिकवताना किंवा शिकलेलं पक्कं ठेवताना आलेले. शत्रू नसताना, शांततेच्या काळात, बहुधा आपल्याच हद्दीत आलेले. हे मृत्यू आपण ‘धोक्याचंच काम आहे ते’ असं म्हणून बाजूला ठेवतो. ते तसे बाजूला ठेवता येणार नाहीत, असं मला वाटतं, आणि ही प्रस्तावना त्यासाठीच लिहिली आहे.

महाराष्ट्रापासून हा विषय दूरचा नाही. नाशिक रोडजवळ गांधीनगरला लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे. आर्मी एव्हिएशनचे वैमानिक इथूनच विंग्ज घेऊन बाहेर पडतात. कॅप्टन अभिलाषा बराक या लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या, तो मे २०२२ चा समारंभही नाशिकचाच. हवाई दलाचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण हैदराबादजवळच्या हकिमपेठला होतं, नौदलाचं तमिळनाडूत अरक्कोणमच्या आयएनएस राजालीवर. नाशिककरांना डोक्यावरून जाणाऱ्या पंख्यांच्या आवाजाचं नवल राहिलेलं नाही. पण तो आवाज ज्या यंत्रातून येतो त्यात बसलेला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी त्या क्षणी काय करत असते, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही.

विमानाला उडत राहायची ओढ असते. हात सोडले तरी ते काही काळ सरळ जातं. हेलिकॉप्टरचं तसं नाही, निदान ज्या साध्या हेलिकॉप्टरांवर शिकवतात त्यांचं तरी नाही. डाव्या हाताला कलेक्टिव्हची दांडी असते. ती उचलली की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र वर उठतं. उजव्या हातात सायक्लिक, त्यावर दिशा ठरते. पायांखाली पेडल, ती शेपटीच्या छोट्या पंख्याला हुकूम देतात. आता हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. कलेक्टिव्ह जरा उचलली की इंजिनाचा पीळ वाढतो आणि नाक एका बाजूला वळायला लागतं. ते रोखायला पेडल दाबावं लागतं. पेडल दाबलं की शेपटीचा पंखा सगळं धूड बाजूला ढकलतो. ते सावरायला सायक्लिक हलवावी लागते, आणि सायक्लिक हलली की उंची बदलते, म्हणजे पुन्हा कलेक्टिव्ह. जमिनीपासून पाचसहा फुटांवर एका जागी स्थिर राहणं, ज्याला हॉवर म्हणतात, हा म्हणून नवशिक्याचा पहिला मोठा घाट असतो. चूक दिसेपर्यंत ती वाढलेली असते, आणि दुरुस्ती हाताला जड गेली की दुरुस्तीचीच नवी चूक होते.

जमिनीजवळच्या या अवस्थेत एक वेगळाच धोका लपलेला असतो. हेलिकॉप्टरची एक स्किड किंवा चाक मातीत, गवतात, एखाद्या खुंटात अडकलं आणि वैमानिकाने वर उठायला जोर लावला, की यंत्र त्या अडकलेल्या बिंदूभोवती कलायला लागतं. ठरावीक कोन ओलांडला की मग कोणतीही दांडी कामाची नसते. पाती जमिनीवर आपटतात. उंची शून्य, वेग शून्य, आणि तरी प्राणघातक. उपाय एकच असतो, कलेक्टिव्ह हळूच खाली करणं, आणि घाबरलेल्या माणसाचा हात नेमका उलट, वर जातो.

आता ऑटोरोटेशनबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण प्रशिक्षणाचा सगळा पेच तिथे एकवटतो. इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं, असा आपला समज असतो. तसं नाही. जत्रेतलं भिरभिरं वाऱ्यावर फिरतं, तशी खाली येताना खालून वर घुसणारी हवा पाती फिरती ठेवते; हेच ऑटोरोटेशन. पण त्यासाठी वैमानिकाने तत्क्षणी कलेक्टिव्ह खाली करायला हवी. हलक्या पात्यांच्या हेलिकॉप्टरात त्याच्या हाती एखाददुसरा सेकंद असतो. तेवढ्यात पात्यांचा वेग घसरला तर तो परत मिळत नाही. मग ठरलेल्या वेगाने उतरत यायचं, जमीन जवळ आली की नाक वर उचलून पुढचा वेग मारायचा, त्यातून पात्यांना थोडी जास्तीची गती द्यायची, आणि अगदी शेवटी, एकदाच, कलेक्टिव्ह ओढून ती साठवलेली गती खर्च करत यंत्र जमिनीवर टेकवायचं. लवकर ओढली तर गती वरच संपते आणि उरलेले फूट नुसते कोसळत यायचे. उशिरा ओढली तर आदळायचं. दुसरी संधी नाही.

शिवाय उंची आणि वेग यांची अशी काही जोडगोळी असते की तिथे इंजिन गेलं तर उत्तम वैमानिकालाही वाचायला जागा उरत नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत त्याचा आलेख असतो आणि त्या टाळायच्या पट्ट्याला वैमानिक आपापसात ‘डेड मॅन्स कर्व्ह’ म्हणतात. दोनशे फुटांवर वेग न घेता लटकत राहायचं म्हणजे बहुतेक एकइंजिनी हेलिकॉप्टरांत त्या पट्ट्यात शिरायचं. आणि सैन्याचं काम बघा: दोराने जवान उतरवणं, अडकलेल्याला उचलणं, डोंगरामागे दबा धरून टेहळणी करणं. ही सगळी कामं त्याच पट्ट्यात होतात. नागरी वैमानिकाला ‘तिथे जाऊ नकोस’ असं शिकवता येतं. सैन्यातल्याला तिथेच जायला शिकवावं लागतं.

म्हणून ऑटोरोटेशनचा सराव हवा. पण इंजिनाची ताकद काढून थेट जमिनीवर टेकण्याचा सराव केला, तर त्या सरावातच हेलिकॉप्टरं मोडतात आणि माणसं जातात. इंजिनं अधिक भरवशाची होत गेली तसा हा प्रश्न अधिक टोचू लागला: खऱ्या बिघाडापेक्षा त्याची तालीमच जास्त घात करत असेल तर? कुठे जमिनीपासून काही फूट वर असतानाच इंजिनाची ताकद परत घ्यायची असा नियम झाला, कुठे शेवटचा टप्पा सिम्युलेटरवर नेला गेला. हा हिशेब सोपा नाही. ज्याने तो शेवटचा सेकंद कधी हातांनी अनुभवलाच नाही, त्याला तो खऱ्या संकटात साधेल का, हा आक्षेपही तितकाच खरा आहे. यात कुणीतरी बसून, आकडे समोर ठेवून, निर्णय घ्यायचा असतो. तो निर्णय चुकला की त्याची किंमत विद्यार्थी भरतो.

आणि शिक्षक भरतो. याबद्दल फार कमी बोललं जातं. दुहेरी कंट्रोलच्या हेलिकॉप्टरात शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरचं काम विद्यार्थ्याला चुकू देणं हे असतं. चुकल्याशिवाय तो शिकणार नाही. पण किती चुकू द्यायचं? लगेच हात घातला तर विद्यार्थी कायमचा परावलंबी, अर्धा सेकंद उशिरा घातला तर दोघेही संपले. चांगला विद्यार्थी या बाबतीत कच्च्या विद्यार्थ्यापेक्षा धोकादायक ठरू शकतो, कारण कच्च्याच्या वेळी शिक्षकाचे हात दांडीजवळच असतात. कंट्रोल कुणाकडे आहे हे तोंडाने बोलून, समोरच्याने दुजोरा देऊन, पुन्हा खात्री करून घेण्याची जी तीन पायऱ्यांची पद्धत जगभर पाळली जाते, ती पोकळ शिस्त नाही. दोघांनाही दुसऱ्याच्या हातात कंट्रोल आहे असं वाटत राहिलं, म्हणून यंत्रं पडलेली आहेत.

रात्र झाली की यात आणखी एक थर चढतो. नाइट व्हिजन गॉगलमुळे अंधारात दिसतं, हे अर्धसत्य आहे. साधारण चाळीस अंशांची एक नळी दिसते, एकरंगी, खोलीचा अंदाज न देणारी. उघड्या डोळ्यांना बाजूचं जे आपसूक कळतं ते सगळं जातं, डोकं सतत फिरवत राहावं लागतं. शेजारचं हेलिकॉप्टर दूर आहे की जवळ येतंय, हे कळायला उशीर होतो. १२ जून १९९६ ला ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलजवळच्या हाय रेंज सरावक्षेत्रात सहा ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं संध्याकाळी गॉगल लावून एका लुटुपुटीच्या लक्ष्याकडे निघाली होती. लक्ष्य काही क्षणांवर असताना दोन हेलिकॉप्टरं एकमेकांवर आदळली. १८ जण गेले. त्यांतले १५ त्या देशाच्या विशेष हवाई सेवा रेजिमेंटचे निवडक सैनिक होते, तिघे लष्कराच्याच एव्हिएशन रेजिमेंटचे. चौकशीत एका माणसाच्या चुकीपलीकडचं बरंच काही निघालं: अनुभवी वैमानिक नोकरी सोडून गेलेले, हेलिकॉप्टरं दुरुस्तीत अडकल्याने सरावाचे तास आटलेले, तरी अवघड रात्रीच्या कवायती ठरल्याप्रमाणे चालू ठेवलेल्या.

हाच साचा पुढेही दिसतो. जानेवारी २०१६ मध्ये हवाई बेटांतल्या ओआहूजवळ अमेरिकी मरीन कोरची दोन सीएच-५३ हेलिकॉप्टरं रात्रीच्या सरावात समुद्रावर असताना एकमेकांवर आदळली, १२ गेले. २९ मार्च २०२३ ला केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेलजवळ जखमींना उचलणारी दोन ब्लॅक हॉक एकमेकांवर आली, नऊ गेले. महिना होत नाही तोच अलास्कात सरावाहून परतणारी दोन अपाची धडकली, तिघे गेले, आणि मग अमेरिकी लष्कराने अत्यावश्यक मोहिमा वगळता आपली हेलिकॉप्टरं काही काळ थांबवून वैमानिकांना पुन्हा वर्गात बसवलं. थांबवण्याचं मोल मोठं असतं. न थांबवण्याचं त्याहून मोठं.

दोष कुणाचा, हा प्रश्न आला की मला हटकून एक प्रकरण आठवतं. ८ एप्रिल २००० च्या रात्री ॲरिझोनातल्या मराना इथे मरीन कोरचं व्ही-२२ ऑस्प्रे पडलं. ऑस्प्रे हे पूर्ण हेलिकॉप्टर नव्हे, त्याचे पंखे आडवे-उभे फिरतात. पण उतरताना ते हेलिकॉप्टरसारखंच वागतं आणि त्या रात्री ते हेलिकॉप्टरच्याच एका जुन्या शत्रूला बळी पडलं. पुढचा वेग कमी असताना फार झपाट्याने खाली आलं तर पंखा आपणच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो. मग ताकद वाढवली तरी उचल मिळत नाही, उलट भोवरा घट्ट होतो. ऑस्प्रेमध्ये पंखे दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे एकाच बाजूची उचल गेली आणि ते उलटं होऊन जमिनीवर आलं. आतले १९ मरीन गेले. अडकलेल्या लोकांच्या सुटकेची तालीम चालली होती.

मर्यादेपेक्षा जास्त वेगाने खाली उतरवलं, असं सांगून ठपका वैमानिकांवर आला. पण या यंत्रात तो भोवरा नेमका कधी धरतो, कोणत्या खुणांनी ओळखावा, याची पुरेशी चाचणी तोवर झालेली नव्हती आणि वैमानिकांना तसं शिक्षणही मिळालेलं नव्हतं. जॉन ब्रो आणि ब्रूक्स ग्रुबर या दोन वैमानिकांच्या विधवांनी हे ऐकून घ्यायला नकार दिला. त्यांनी पत्रं लिहिली, लोकप्रतिनिधींना गाठलं, वर्षामागून वर्षं तेच मागणं मांडलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण उपमंत्र्यांनी लेखी मान्य केलं की अपघाताचा मुख्य दोष त्या वैमानिकांवर टाकणं चूक होतं. सोळा वर्षं. या काळात त्यांची मुलं बाप चुकला असं ऐकत मोठी झाली.

‘वैमानिकाची चूक’ हे कारण अनेकदा खरं असतं, हे मी नाकारत नाही. पण तिथे पोहोचून थांबणारी चौकशी अर्धी असते. त्याला त्या रात्री त्या हवेत कुणी पाठवलं, गेल्या महिन्यात त्याला किती तास मिळाले होते, यंत्राची ती खोड त्याला कुणी सांगितली होती का, हे विचारलं की दुसऱ्याचा जीव वाचतो. व्हिएतनामच्या काळात दोन पात्यांच्या बेल हेलिकॉप्टरांचा रोटर हवेतच तुटून माणसं मरत होती. वैमानिकाने वरून एकदम नाक खाली दाबलं की क्षणभर वजन हरपतं, पाती बेलगाम होतात आणि त्यांचा मधला भाग मुख्य दांड्यावर आपटून दांडा तोडतो, हे उलगडलं. मग शिक्षणच बदललं: वजन हरपल्यासारखं वाटलं तर आधी सायक्लिक मागे घे, बाकी सगळं नंतर. आज हे पहिल्या काही धड्यांत येतं. त्या ओळीमागे कितीतरी माणसं गेलेली आहेत.

आपल्याकडचा प्रश्न यंत्राच्या वयाचाही आहे. चेतक आणि चीता ही मूळची फ्रेंच हेलिकॉप्टरं, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्यावर बांधलेली. चेतक साठच्या दशकातलं, चीता सत्तरच्या. गुण विलक्षण: चीताचं मूळ असलेल्या लामा हेलिकॉप्टरने १९७२ मध्ये १२,४४२ मीटरची उंची गाठली, आणि सियाचिनमधली आपली ठाणी वर्षानुवर्षं चीताच्याच भरवशावर जगली. पण एक इंजिन, स्वयंचालक नाही, ढगात पुढे डोंगर आहे असं सांगणारं यंत्र नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये बरेलीला उड्डाण घेताच चीता पडलं आणि लष्कराचे तीन अधिकारी गेले. त्यानंतर अधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या. त्यांनी तेव्हाचे संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर यांच्याकडे धाव घेतली आणि ही हेलिकॉप्टरं निवृत्त करा अशी मागणी केली. सैन्यातल्या माणसाच्या बायकोने अशी उघड मागणी करायला काय लागतं, हे छावणीत राहिलेल्यांना सांगायला नको. पर्याय म्हणून बांधलेलं हलकं हेलिकॉप्टर सप्टेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडालं. चीता त्यानंतरही उडत राहिलं आणि पडत राहिलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये भूतानमधल्या योनफुलाजवळ पडलेल्या चीतात आपल्या लेफ्टनंट कर्नलबरोबर रॉयल भूतान आर्मीचा एक कॅप्टन होता. तो आपल्या सैन्याकडे शिकत होता.

नवं यंत्र म्हणजे सुटका, असंही नाही. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरच्या विमानतळावर तटरक्षक दलाचं ध्रुव सरावाच्या उड्डाणात धावपट्टीवर कोसळलं, तिघे गेले. त्यानंतर तिन्ही सैन्यदलांची आणि तटरक्षक दलाची ध्रुव हेलिकॉप्टरं जमिनीवर उभी केली गेली, तपासात पात्यांना हुकूम पोहोचवणाऱ्या स्वॉशप्लेटचा भाग तुटल्याचं निघालं. हे काही प्रमाणात बाहेर आलं, म्हणून निदान त्यावर बोलता तरी येतं.

एरवी बोलता येत नाही, आणि माझी खरी तक्रार ही आहे. प्रत्येक अपघातानंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. तिच्यात जाणते लोक असतात, त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण संपूर्ण अहवाल सहसा कपाटाबाहेर येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळ एमआय-१७ पडून संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह सगळे गेले, तेव्हा दीड महिन्याच्या आत प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाला: हवा अचानक बदलली, ढगात शिरल्यावर वैमानिकाचं दिशाभान गेलं आणि सुस्थितीतलं हेलिकॉप्टर डोंगराला भिडलं. सर्वोच्च अधिकारी आत असताना हे सांगता येतं, तर दोन तरुण कॅप्टन आत असताना का येऊ नये?

उघडपणाने सुरक्षेला धक्का बसतो, हे उत्तर मला पटत नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ मध्ये सरावात पडलेल्या टायपॅन हेलिकॉप्टरच्या चौकशीची सुनावणी उघड घेतली. त्या अपघातात चौघे गेले होते. ब्रिटन सैन्याच्या अपघातांचे चौकशी अहवाल संवेदनशील मजकूर झाकून प्रसिद्ध करतो. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीवर वार्षिक परीक्षेच्या उड्डाणावर असलेलं लष्करी ब्लॅक हॉक जवळच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानावर आदळलं, दोन्हींतले मिळून ६७ जण गेले. दीड महिन्याच्या आत तपास मंडळाने लोकांसमोर आकडा ठेवला: ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाच्या परिसरात हेलिकॉप्टर आणि विमान एकमेकांच्या जवळ आल्याच्या १५,२१४ घटना नोंदल्या गेल्या होत्या. नोंदी होत्या, त्या एकत्र मांडून कुणी वाचल्या नव्हत्या. तो आकडा कपाटात राहिला असता तर त्या रात्रीचा दोष हेलिकॉप्टरातल्या तिघांवर ठेवून सगळे मोकळे झाले असते.

पुढच्या पानांत तपशील आहेत, आकृत्या आहेत, काही ठिकाणी वाचताना थांबावं लागेल असं वर्णन आहे. ते घाई न करता वाचावं. नाशिकच्या, हकिमपेठच्या, अरक्कोणमच्या धावपट्टीवर उद्या सकाळी जी मुलं-मुली हॉवर शिकायला निघतील, त्यांच्या आईवडिलांना आधीच्या अपघातांची कारणं वाचायला मिळायला हवीत. आपापल्या खासदाराला पत्र लिहून एवढंच मागा: प्रशिक्षणातल्या प्रत्येक प्राणघातक हेलिकॉप्टर अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष आणि त्यावर केलेली कारवाई, संवेदनशील भाग वगळून, एका वर्षाच्या आत संसदेपुढे ठेवली जावी.